पिल्लाचा ओरखडा, साचलेलं पाणी आणि गॅलरीतली कबुतरं

कोपरखैरण्याच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या सात वर्षांच्या मुलीला जिन्याखाली राहणाऱ्या मांजराच्या पिल्लाने काल संध्याकाळी हातावर ओरखडलं. थोडं रक्त आलं, आजीने हळद लावली. त्यांच्या सोसायटीत जोराचा पाऊस झाला की तळमजल्याच्या पायरीपर्यंत पाणी येतं, गॅलरीत कबुतरांची घाण असते आणि येत्या रविवारच्या मीटिंगला आवारातले कुत्रे हाकलून द्यायचा ठराव येणार आहे. ताई विचारतात, प्राण्यांपासून माणसाला नेमके कोणते रोग होतात, आणि आम्ही कशाला घाबरायचं?

ताई, बाकीचं नंतर वाचा. आधी मुलीचा हात नळाखाली धरा. हळद पूर्ण निघू द्या, साबण लावा आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात धुवा. जखम कालची असली तरी धुवाच. मग बीटाडीन किंवा तसलं जंतुनाशक लावा, पट्टी बांधू नका आणि आजच महापालिकेच्या रुग्णालयात न्या. तिथे रेबीजची लस मोफत मिळते. ओरखड्यातून रक्त आलं होतं हे तिथे मुद्दाम सांगा, कारण उपचार त्यावर ठरतो. रक्त न येता नुसतं खरचटलं असेल तर लस पुरते. रक्त आलं असेल तर ती जखम तिसऱ्या श्रेणीत जाते आणि लसीबरोबर जखमेतच तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन द्यावं लागतं. लसीचा परिणाम दिसायला काही दिवस जातात, तेवढ्या दिवसांत विषाणूला जागच्या जागी अडवायचं काम हे इंजेक्शन करतं.

पहिला डोस घेतला तो शून्य दिवस धरायचा. सरकारी रुग्णालयात लस बहुतेक कातडीत टोचतात, तेव्हा पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. स्नायूत देत असतील तर चौदाव्या दिवसाचा आणखी एक डोस असतो. पोटात चौदा इंजेक्शनं देण्याचा काळ केव्हाच संपला. ती जुनी लस भारतात २००५ च्या आसपास बंद झाली, पण तिची धास्ती अजून घराघरात आहे आणि त्या धास्तीपायी लोक मुलांना डॉक्टरकडे न्यायचं टाळतात, हे मी आजही बघतो.

पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवा. कुत्रा आणि मांजर यांच्या लाळेत हा विषाणू लक्षणं दिसण्याच्या फार तर काही दिवस आधी येतो. म्हणून ओरखडल्यापासून दहा दिवस पिल्लू धडधाकट राहिलं, तर त्या दिवशी त्याच्याकडून रेबीज आला नव्हता असं खात्रीने म्हणता येतं आणि डॉक्टर पुढचे डोस थांबवू शकतात. पण दहा दिवस वाट बघून मग लस सुरू करायची, हे मात्र कधीही करायचं नाही. लक्षणं दिसायला लागल्यावर या रोगावर उपचार नाही, आणि लक्षणं दिसण्याआधी योग्य उपचार मिळाले तर माणूस जवळजवळ हमखास वाचतो. इतका सरळ हिशेब माझ्या माहितीतल्या दुसऱ्या कुठल्याच रोगाचा नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. गेली अनेक वर्षं ठाण्यात आणि ऐरोली-घणसोलीकडे जनावरं तपासतो आहे. लोक येतात ते प्राण्याचं नाव घेऊन: कुत्र्यापासून काय होतं, कबुतरापासून काय होतं, म्हशीपासून काय होतं. मी त्यांना सांगतो, आधी वाट विचारा. प्रत्येक जंतूची अंगात शिरायची आपली एक वाट असते. रेबीज लाळेतून जखमेत जातो, लेप्टो हा उंदरांकडून येणारा तापाचा जंतू मुतातून पाण्यात आणि पाण्यातून कातडीत, ब्रुसेला हा गाई-म्हशींकडून येणारा तापाचा जंतू कच्च्या दुधातून किंवा गाभडलेल्या, म्हणजे गर्भ पडलेल्या, जनावराच्या स्रावातून, कबुतराची घाण धूळ होऊन श्वासातून. वाट कळली की ती बंद कशी करायची हेही कळतं, आणि जिथे वाटच नाही तिथली भीती आपोआप जाते.

रेबीजबद्दल एक गोष्ट मी जनावर पाळणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. लोकांच्या डोळ्यांपुढे पिसाळलेला कुत्रा म्हणजे धावत सुटलेला, दिसेल त्याला चावणारा. तसा असतोच. पण रेबीजचं दुसरं रूप शांत असतं. कळव्याहून एक गृहस्थ आपला कुत्रा उचलून घेऊन आले. म्हणाले, "डॉक्टर, याच्या घशात हाड अडकलंय, सकाळपासून काही खात नाही." कुत्र्याचा खालचा जबडा लोंबत होता, लाळेची तार छातीपर्यंत आली होती. पाण्याचं भांडं पुढे ठेवलं तर तो तोंड पाण्यापर्यंत न्यायचा, पण जीभ हलत नव्हती. पाय ओढत चालत होता. मालकाने सकाळपासून दोनदा त्याच्या घशात बोटं घालून हाड शोधलं होतं, आणि बोटाला नखाजवळ सालपटं निघालेली होती. हाड कुठेच नव्हतं. जबड्याचे स्नायू लुळे पडले होते. हा मुका रेबीज. कुत्रा दोन दिवसांत गेला. मालक, त्यांची बायको आणि कुत्र्याला भरवणारा मुलगा, तिघांनाही त्याच दिवशी रुग्णालयात पाठवलं. तिघंही ठणठणीत आहेत. गाई-म्हशींमध्येही असंच होतं. जनावर विचित्र आवाजात हंबरत राहतं, लाळ गळते, आणि घरचा माणूस काही अडकलं असेल म्हणून हात घालतो. लाळ गळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात घालायचा नाही, मग ते कितीही लाडकं असो.

यावरूनच रविवारच्या ठरावाकडे येतो. कुत्रे हाकलल्याने सोसायटीतला रेबीजचा धोका कमी होत नाही, उलट वाढतो. आवारातले कुत्रे ओळखीचे असतात, त्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेलं असू शकतं. ते गेले की जागा मोकळी होते, कचरा तसाच असतो आणि महिन्याभरात दुसरे येतात. त्यांना कुठली लस दिली आहे हे कोणालाच माहीत नसतं. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष असा आहे की एखाद्या भागातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना नियमित लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते. तुमच्या आवारात कुत्रे पाच-सहा असतील, तर सगळ्यांनाच लस देणं अवघड नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे निवासी भागातल्या कुत्र्यांना निर्बीजीकरण आणि लसीकरण करून मूळ जागी परत सोडायचं असतं, आणि खाऊ घालायची जागा मुलांच्या खेळण्यापासून आणि जिन्यापासून लांब ठरवायची असते. ठराव करायचाच असेल तर तो असा करा: महापालिकेला निर्बीजीकरणासाठी पत्र, दरवर्षी एका ठरलेल्या महिन्यात लस, आणि कोणत्या कुत्र्याला कधी दिली याची वही वॉचमनच्या केबिनमध्ये. चावा झाला तर ती वही डॉक्टरला दाखवता येते. जिन्याखालची मांजरंही त्या वहीत घ्या. मांजरांकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं.

पण ताई, खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते पायरीपर्यंत येणारं पाणी. तुम्ही त्याचा उल्लेख ओघात केला आहे. मी असतो तर त्यापासून सुरुवात केली असती.

लेप्टोस्पायरा हा मळसूत्री आकाराचा जंतू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात मुक्काम करतो. उंदराला त्याचा काही त्रास होत नाही, तो आयुष्यभर मुतातून जंतू टाकत राहतो. कोरड्या जमिनीवर, कडक उन्हात हा जंतू लवकर मरतो, पण ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे तग धरतो. पाऊस आला की बिळं भरतात, ते सगळं पाणी रस्त्यावर येतं आणि आपण त्यातून चालतो. पायाला भेग, चप्पल चावलेली जागा, नखाच्या कडेला निघालेलं कातडं, एवढंही पुरतं. फार वेळ पाण्यात राहून मऊ पडलेल्या कातडीतून आणि डोळ्यांच्या, तोंडाच्या आतल्या पातळ त्वचेतूनही तो शिरतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबई-ठाण्यात लेप्टोची जी साथ आली ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा रोग समजावून सांगावा लागत नाही. पाणी ओसरलं, लोक घरं धुवायला लागले, आणि पुढच्या एक-दोन आठवड्यांत तापाचे रुग्ण यायला लागले. अंगात शिरल्यापासून ताप यायला बहुतेक पाच ते चौदा दिवस लागतात, त्यामुळे माणसाला पाण्याची आठवणही राहिलेली नसते. तुमच्या नवी मुंबईची बरीच जमीन भरतीच्या पातळीच्या खाली आहे, म्हणून तर सिडकोने डच पद्धतीचे धारण तलाव बांधले. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाण्याला जायला वाट नसते. ठाण्यातही नौपाड्यात चिखलवाडीसारख्या सखल भागात दर पावसाळ्यात हेच होतं.

माझ्याकडे हा रोग आधी कुत्र्यांच्या रूपाने येतो. जुलैअखेरीस कोणीतरी लॅब्रेडॉर घेऊन येतो, दोन दिवस उलट्या आणि मागचे पाय उचलत नाही म्हणून. टेबलावर घेतला, ओठ वर केला की हिरड्या हळदीसारख्या पिवळ्या. डोळ्यांचे पांढरे भागही तसेच. पोटावर हात ठेवला की कुत्रा कण्हतो, आणि घरी केलेली लघवी गडद तपकिरी होती असं मालक सांगतो. मी पहिला प्रश्न विचारतो तो मालकाला: ती लघवी कोणी पुसली, आणि कशाने? बहुतेक वेळा घरकामाच्या मावशींनी, उघड्या हाताने. मग कुत्र्याच्या उपचाराबरोबर मावशींनाही डॉक्टरकडे पाठवायचं असतं. आजारी कुत्र्याची लघवी हातमोजे घालून, ब्लीचिंगच्या पाण्याने पुसायची, आणि उपचार पूर्ण होईपर्यंत त्याला मुलांच्या खोलीत येऊ द्यायचं नाही. पाळीव कुत्र्यांच्या लसीत लेप्टोचा घटक असतो, पहिल्या वेळी तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि पुढे दरवर्षी. ही लस तिच्यात असलेल्या प्रकारांपुरतीच काम करते, तरी आपल्या पावसाळ्यात ती चुकवू नये असं माझं ठाम मत आहे.

माणसांसाठी आपल्याकडे अशी लस सर्रास दिली जात नाही. म्हणून साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर घरी येऊन पाय साबणाने धुवा, कोरडे करा, भेगांना मलम लावा. पायाला जखम असताना पाण्यात उतरावं लागलं, तर बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. ते डॉक्सिसायक्लिन द्यायचं की नाही आणि किती दिवस, हे ठरवतात. ही गोळी गरोदर बायकांना आणि लहान मुलांना चालत नाही, त्यांना वेगळं औषध असतं. त्यामुळे शेजाऱ्याची उरलेली पट्टी घेऊन चालणार नाही. आणि सोसायटीत लेप्टोचा रुग्ण निघाला की लोक धुरळणीची मागणी करतात. धुराने डास मरतात, उंदीर नाही. उंदीर कमी करायचे तर ओला कचरा रात्रभर उघडा ठेवणं बंद करायचं, बिळं काचा आणि सिमेंट घालून बुजवायची, गटारांच्या जाळ्या शाबूत ठेवायच्या. विषाच्या गोळ्यांनी आठवडाभर फरक दिसतो, कचरा तसाच राहिला तर पुन्हा तेच. नालेसफाई करणारे आणि गोठ्यात राबणारे कामगार यांचा धोका आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. तुमच्या गल्लीत कोणी उघड्या पायांनी गटारात उतरत असेल, तर त्याला गमबूट आणि हातमोजे मिळाल्याशिवाय उतरू देऊ नका.

कबुतरांचं थोडक्यात सांगतो. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मोठा वाद झाला, तेव्हापासून माझ्याकडे याचीच विचारणा जास्त असते. कबुतरांपासून काही जंतुसंसर्ग होऊ शकतात, पण सुदृढ माणसात ते क्वचित होतात. फुप्फुसांचे डॉक्टर ज्याची काळजी करतात तो आजार बहुतेक वेळा संसर्ग नसतोच. विष्ठेतली आणि पिसांवरची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून जाते आणि फुप्फुस तिच्याविरुद्ध पेटून उठतं. हळूहळू ते कडक होतं. हा आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाही, आणि कबुतराला औषध देऊन तो थांबत नाही. धूळ थांबवावी लागते. गॅलरीला जाळी बसवा. साचलेली घाण कोरडी झाडू नका, आधी पाणी मारून पूर्ण भिजवा, एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, मग खरवडून काढा. घरात दम्याचं कोणी असेल तर त्याने हे काम करू नये.

बर्ड फ्लू वेगळा. महाराष्ट्राने तो पहिल्यांदा २००६ मध्ये नवापूरला पाहिला. आपल्या भागात जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यातले मेलेले बगळे तपासणीत बाधित निघाले, फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत कोंबड्यांमध्ये आला, जानेवारी २०२५ मध्ये उरणच्या चिरनेरमध्ये. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात आणि रोग ठरला की एक किलोमीटरच्या परिसरातले कोंबडे-बदकं नष्ट करतात. त्या वेळी पशुपालकाचं घर अक्षरशः रिकामं होतं. त्यामुळे काही लोक मेलेली कोंबडी लपवतात. त्यांना दोष देण्याआधी भरपाई वेळेवर मिळते का ते बघितलं पाहिजे. नीट शिजवलेली कोंबडी आणि अंडी खायला हरकत नाही, ७० अंशांवर हा विषाणू मरतो. पण कच्चं चिकन मांजरांना घालू नका. मार्जारकुळाला हा विषाणू फार वाईट भोवतो. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने गेले. खाडीकाठी किंवा नेरूळच्या तलावाजवळ फ्लेमिंगो किंवा बगळा मेलेला दिसला तर हात लावू नका, फोटोसाठीसुद्धा उचलू नका. वनविभागाला कळवा. पक्षी इतर कारणांनीही मरतात, पण ते ठरवणं आपलं काम नाही.

ज्यांना घाबरायचं कारण नाही असे रोगही आहेत. २०२२ मध्ये लम्पी हा गाई-बैलांच्या अंगावर गाठी येणारा रोग आला तेव्हा दूध बंद केलेली घरं मी पाहिली. लम्पी माणसाला होत नाही. कुत्र्यांचा पार्वो आणि डिस्टेंपर हेही माणसाला होत नाहीत. मात्र तबेल्यातलं दूध न उकळता पिणं आजच बंद करा, धारोष्ण दुधाचं कौतुक कितीही ऐकलेलं असलं तरी. ब्रुसेलोसिसचा ताप महिनोन्‌महिने येत-जात राहतो, सांधे धरतात, रात्री घाम फुटतो आणि निदान व्हायला फार वेळ जातो. आम्हा पशुवैद्यांना आणि गवळ्यांना तो गाभडलेल्या म्हशीचा जार (वार) उघड्या हाताने ओढताना होतो. खरवस वाफवलेला असतो, त्यामुळे तो खुशाल खा. जिन्याखालच्या पिल्लांच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे दिसले तर ते गजकर्ण असू शकतं आणि मुलांना लागतं, पण मलमाने बरं होतं. इमारतीत कोणी गरोदर असेल तर तिने मांजरांची घाण साफ करू नये, एवढी काळजी पुरे.

आणखी एक सांगायचं राहिलं. रोग एकाच दिशेने येत नाहीत. येऊरच्या जंगलाला लागून ठाण्याच्या इमारती आहेत, आणि तिथले बिबटे वस्तीच्या कडेचे कुत्रे खातात. डिस्टेंपर झालेला कुत्रा बिबट्याने खाल्ला तर तो विषाणू जंगलात जातो. गीरमध्ये २०१८ साली सिंह याच रोगाने मेले होते. आपल्या कुत्र्याला लस देणं हे त्या बिबट्यासाठीही आहे.

शेवटी एक काम, जे फुकटात होतं आणि कोणी करत नाही. पावसाळ्यात घरात कोणालाही ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले, की डॉक्टरकडे जा आणि त्यांनी विचारायची वाट न बघता सांगा: गेल्या दोन आठवड्यांत साचलेल्या पाण्यातून चाललो होतो का, घरात कोणतं जनावर आहे, ते आजारी आहे का, कोणी चावलं-ओरखडलं का, कच्चं दूध प्यायलो का. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना हे विचारायला वेळ नसतो, आणि पाण्याचं सांगितलं नाही तर तापावर आधी मलेरिया-डेंग्यूच्या तपासण्यांत दिवस जातात. लेप्टोत पहिल्या चार-पाच दिवसांत प्रतिजैविक सुरू झालं तर मूत्रपिंडं आणि फुप्फुसं वाचायची शक्यता खूप वाढते. सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचं असेल तर हे टाका, आणि तळमजल्यावरच्या घरांना स्वतः जाऊन सांगा.